अठ्ठेचाळीस पायऱ्या

रस्ता आठ पदरी. पलीकडे पावाची भट्टी.
वारा बरा असेल तर होडीच्या आकाराच्या शोतीचा वास
थेट आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतो.
वास सरळ येतो.
आपण सरळ जायचं नाही.
तिबिलिसीत सरळ जाण्याचा मान चाकांचा,
पायांनी आपली पायरी ओळखून
खाली उतरायचं:
चोवीस पायऱ्या, ओलसर बोगदा, पुन्हा चोवीस वर.

लामाराबाई मोजतात.
चाळीस वर्षं पियानो शिकवला त्यांनी,
मोजल्याशिवाय त्यांना काही उतरता येत नाही.
सातव्या पायरीचा कोपरा तुटलाय. तिथे थांबतात,
चुकलेल्या बोटाशी थांबायच्या तशा.
मी मागून, कडेवर ग्वांत्सा,
दुसऱ्या हातात तिची दुमडलेली गाडी,
पावाची पिशवी दातात.

बोगद्याच्या मध्यावर एल्गुजा.
भिंतीतला कोनाडा, पिवळा बल्ब,
किल्ल्या, लोकरी मोजे, घड्याळाचे पट्टे.
तो काही न विचारता स्टूल पुढे सरकवतो.
बाई बसतात.
डोक्यावरून ट्रक गेला की खिळ्यांवरच्या किल्ल्या
किणकिणतात,
आणि बाई म्हणतात, "बेसूर."

ज्यांना पायऱ्या नकोत, ते वरून पळतात
जीव मुठीत धरून.
मूठ कधीतरी सुटते.
दुभाजकाच्या जाळीला एक काळी फीत आहे.
तिच्याबद्दल कुणी बोलत नाही,
पण उन्हाने विटली की
कुणीतरी नवी बांधतं.

आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, शिक्क्यासकट:
वाहतुकीचा वेग कमी होईल.
बाईंनी चष्मा पुसून तीनदा वाचलं.
"पाय हा शब्दच नाही यात," म्हणाल्या,
आणि कागदाच्या पाठीवर
पट्ट्या आखायला बसल्या.

नोव्हेंबर. पहाटेचे तीन.
रेडिएटरला लावायचा पांढरा रंग, दोन डबे,
भिंती रंगवायचा रोलर, माझ्या नवऱ्याची शिवी
(तो आला, पण शिवी देत आला).
बाई पदपथावर उभ्या, काठीने अंतर दाखवत:
"घाई नको. प्रत्येक पट्टी सारख्या मापाची."
आणि खालून, पायऱ्या चढत,
एल्गुजा.
एका हातात कंदील, दुसऱ्यात स्टूल.
बोगद्यातून माणसं गेली नाहीत
तर मोजे कोण घेणार, हे त्याला
आमच्याआधी कळलं होतं.
त्याने स्टूल बाईंसाठी ठेवलं
आणि कंदील उंच धरून
रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.
एक टॅक्सी थांबली.
तिच्यामागे दुसरी.

सकाळी महापालिकेने डांबर फासलं.
आम्ही पुन्हा रंगवलं. पुन्हा डांबर.
तिसऱ्यांदा भट्टीवाल्याने रंग दिला, फुकट.
चौथ्यांदा एक तरुण अधिकारी आला, टेप घेऊन,
कुणाशी न बोलता रुंदी मोजली,
फितीपाशी थोडा उभा राहिला, गेला.
वसंतात सिग्नल लागला.
हिरवा माणूस बावीस सेकंद चालतो.
बाईंना सव्वीस लागतात.
नवा अर्ज गेला आहे.

ग्वांत्सा आता पायी. फक्त पांढऱ्यावर उड्या मारते.
"काळ्याही वाजवायच्या असतात," बाई तिला सांगतात,
आणि चाकं दोन्ही बाजूंना
थांबलेली.

एवढं असून गुरुवारी मला त्या दिसल्या
बोगद्याच्या तोंडाशी, कठडा धरून,
चोवीस मोजत.
संध्याकाळी टेबलावर एक नवी किल्ली होती.
कुठल्या कुलुपाची, विचारलं.
"अजून कुलूप कुठे घेतलंय," म्हणाल्या
आणि गुडघ्याला तेल चोळत राहिल्या.